अपरिहार्य शेवट आणि ऐकणारा माणूस : आत्मघाताच्या कडेवरील रुग्ण, आरोग्यसेवक आणि काही मराठी संहिता

१

मराठी समीक्षेत 'अपरिहार्यता' हा प्रशंसेचा शब्द आहे. कथेचा शेवट तिच्या आरंभातच दडलेला असावा, शोकात्मिकेतील नायकाचा अंत त्याच्या स्वभावातून आणि परिस्थितीतून अटळपणे उगवावा, कवितेची अखेरची ओळ दुसरी कोणतीही असू शकली नसती असे वाटावे, अशी अपेक्षा आपण बाळगतो. तीच आपण वर्गांतून शिकवत आलो आहोत. प्रस्तुत लेखात या अपेक्षेची एक वेगळी बाजू तपासायची आहे. आत्महत्येचा विचार ज्याच्या मनात घर करून आहे अशा माणसासमोर बसलेला डॉक्टर, परिचारिका वा आरोग्यसेवक यांचे काम नेमके उलट असते. समोरच्या माणसाने स्वतःच्या आयुष्याचा जो शेवट अटळ मानला आहे, तो अटळ नाही हे त्याला त्याच्याच कथनातून सापडू देणे, हे ते काम होय. साहित्याचा अभ्यासक आणि आरोग्यसेवक दोघेही कथन ऐकणारे असतात. परंतु शेवटाकडे पाहण्याची त्यांची दृष्टी परस्परविरोधी असते. या विरोधातून काय शिकता येईल, हा येथील प्रश्न आहे.

हा प्रश्न माझ्यापुरता केवळ सैद्धांतिक नाही. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी भिलाई परिसरातील एका महाविद्यालयात शिकवीत असताना एका विद्यार्थिनीने मला कवितांची वही वाचायला दिली. घरात मराठी, वर्गात हिंदी अशा दुभाषी वातावरणात वाढलेली ती मुलगी. कवितांत अंधार, पाणी आणि परत न येण्याची भाषा वारंवार येत होती. मी वही बारकाईने वाचली, प्रतिमा कोठे सैल पडल्या आहेत ते पेन्सिलीने दाखवले आणि शेवटच्या कवितेखाली लिहिले की शेवट अधिक अपरिहार्य व्हायला हवा. संहितेतील 'मी' आणि लेखक यांची गल्लत करू नये, हा धडा मी इतका पक्का गिरवला होता की वही देणाऱ्या हाताकडे पाहण्याचे मला सुचले नाही. पुढच्याच आठवड्यात ती रुग्णालयात असल्याचे कळले. ती वाचली. आज ती स्वतः शिकवते आणि हा उल्लेख तिच्या संमतीने केला आहे. त्या दिवसांबद्दल तिने नंतर जे सांगितले त्यात डॉक्टरांची औषधे होती, आईचे रडणे होते, आणि रात्रपाळीची एक परिचारिका होती. त्या परिचारिकेकडे या लेखाच्या अखेरीस परत यायचे आहे.

भिलाईचा संदर्भ येथे योगायोगाचा नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या अहवालानुसार देशात दर लाख लोकसंख्येमागे आत्महत्यांचे प्रमाण 12.4 होते, छत्तीसगडमध्ये ते 28.2 होते, म्हणजे दुपटीहून अधिक. 1955 च्या भारत-सोव्हिएत करारातून उभे राहिलेले हे पोलादनगर देशाच्या सर्व प्रांतांतून आलेल्या माणसांनी वसवले. 1956 पर्यंत दुर्ग जिल्ह्याची राजधानी नागपूर होती, त्यामुळे मराठी कुटुंबांचा या भागाशी संबंध कारखान्याहून जुना आहे. सेक्टरांची आखीव घरे, कारखान्याच्या पाळ्या आणि नंतर वाढलेले शिकवणी वर्ग यांच्या या नगरात रुग्ण एका भाषेत दुखणे भोगतो, दुसऱ्या भाषेत ते सांगतो आणि डॉक्टर बहुधा तिसऱ्या भाषेत त्याची नोंद करतो. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला ही स्थिती परिचित वाटावी. येथे भाषांतर रुग्णाच्या खाटेपाशी घडते.

२

म्हणून प्रथम शब्दांकडे वळू. 'आत्महत्या' या शब्दात 'हत्या' आहे. त्यात गुन्हा आणि गुन्हेगार एकाच देहात आणून उभे केले आहेत. बोलीतील मराठी माणूस हा शब्द घरात सहसा उच्चारीत नाही. तो 'जीव देणे' म्हणतो, आणि त्याहूनही अधिक वेळा 'जिवाचे बरेवाईट करून घेणे' म्हणतो. या दुसऱ्या प्रयोगात भीती इतकी आहे की वाईट एकटे उच्चारले जात नाही, त्याच्या सोबतीला बरे जोडावे लागते. हा प्रयोग समोरच्याला उद्देशून येतो तेव्हा तो बहुधा नकारार्थी आज्ञा असतो: काही बरेवाईट करून घेऊ नकोस. ज्याला हे सांगितले जाते त्याला उत्तरादाखल फक्त 'नाही' म्हणता येते. वाक्याची रचनाच अशी आहे की 'हो, तसे विचार येतात' या उत्तराला तीत जागा नाही.

दुसरीकडे रुग्णाची स्वतःची भाषा 'जीव' याच शब्दाभोवती फिरते. जीव नकोसा झाला, जीव रमत नाही, जीव घाबरा होतो, जिवाला कंटाळलो. यांतील 'कंटाळा' साधा नसतो. जिवाचा कंटाळा आणि कामाचा कंटाळा यांत फार अंतर आहे. हीच वाक्ये हिंदीत उतरताना 'जी घबराता है', 'मन नहीं लगता' अशी होतात आणि ऐकणारा पहिल्यासाठी हृदयाचा आलेख काढतो, तर दुसऱ्यासाठी एखादे टॉनिक लिहून देतो. त्यात त्याची बेपर्वाई असतेच असे नाही. शब्द पोचला आणि भार मागे राहिला, असे घडलेले असते.

यावर वैद्यकाने शोधलेला उपाय अत्यंत साधा आहे: स्पष्ट विचारणे. मरावेसे वाटते का, तसा काही बेत मनात आहे का, हे सरळ शब्दांत विचारल्याने तो विचार नव्याने रुजत नाही, हे संशोधनाने वारंवार दाखवले आहे. उलट, ज्याच्या मनात तो आहे त्याला तो उच्चारता आल्याने बहुधा हलके वाटते. साहित्याच्या अभ्यासकासाठी या निष्कर्षाचा अर्थ महत्त्वाचा आहे. पर्यायोक्ती ही आपल्याकडे शिष्टाचाराची आणि सौंदर्याची खूण मानली जाते. येथे मात्र ती एकटेपणा वाढवते. अर्थात स्पष्ट विचारणे म्हणजे कोरडे विचारणे नव्हे. प्रश्न कोणत्या भूमिकेतून येतो, यावर त्याचा अर्थ ठरतो. ही भूमिका कशा प्रकारे बिघडते आणि कशा प्रकारे सावरते, हे पाहण्यासाठी पुढील संहिता उपयोगी पडतात.

३

विषादग्रस्ताला दिलेल्या पहिल्या उत्तराचे आपल्या परंपरेतील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण भगवद्गीतेत आहे, आणि 1290 मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीमुळे ते मराठी मनाच्या अगदी जवळचे आहे. अर्जुन हा रुग्ण नव्हे आणि गीता हा उपचारग्रंथ नव्हे, हे मान्य करूनही एका रचनाविशेषाकडे लक्ष वेधावेसे वाटते. पहिल्या अध्यायात अर्जुन आपल्या देहाची अवस्था सांगतो, युक्तिवाद करतो आणि अखेरीस आपण निःशस्त्र असताना कौरवांनी आपल्याला मारले तरी ते अधिक बरे, असे म्हणतो. मरणाची इच्छा येथे उघडपणे उच्चारली गेली आहे. या सबंध निवेदनात कृष्ण मध्ये बोलत नाही. परंतु दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी तो जेव्हा बोलतो, तेव्हा त्याचे पहिले उत्तर धिक्काराचे असते: हे दौर्बल्य तुला शोभत नाही, ऊठ.

हे उत्तर निष्फळ ठरते, याकडे पुरेसे लक्ष दिले गेलेले नाही. अर्जुन उठत नाही. इंद्रियांना शोषून टाकणारा हा शोक कशाने जाईल ते मला दिसत नाही, असे तो सांगतो आणि गप्प होतो. प्रदीर्घ संवाद सुरू होतो तो या मौनानंतर. धीर धर, पुरुषासारखा वाग, तुझ्यापेक्षा दुःखी लोक जगात आहेत, ही रुग्णालयाच्या खाटेभोवती नेहमी ऐकू येणारी वाक्ये त्या पहिल्या उत्तराच्याच कुळातील आहेत. ती म्हणणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण ती ऐकून रुग्ण पुन्हा गप्प होतो, आणि या वेळी त्याच्या मौनानंतर संवाद सुरू होईलच याची शाश्वती नसते.

याला समांतर अशी एक रशियन कथा येथे आठवते. भिलाईसारख्या नगरात रशियन नावे परकी वाटत नाहीत. स्वतः डॉक्टर असलेल्या चेखवने 1886 मध्ये लिहिलेल्या 'तोस्का' या कथेत मुलगा गमावलेला एक म्हातारा गाडीवान प्रत्येक उतारूला आपले दुःख सांगू पाहतो. कोणी ऐकत नाही आणि अखेर तो ते आपल्या घोडीला सांगतो. या शेवटाची वाहवा नेहमी होते. मला मात्र त्याआधीचा भाग अधिक मोलाचा वाटतो. मुलगा आजारी कसा पडला, त्याने काय सोसले, मरण्यापूर्वी काय म्हटले, तो गेला कसा, इस्पितळातून त्याचे कपडे आणायला जाणे कसे होते, हे सारे क्रमाने आणि सावकाश सांगायला हवे, असे त्या गाडीवानाला वाटते. ऐकणाऱ्याने काय ऐकावे याची ही यादीच आहे, आणि ती रोग्याचा इतिहास घेण्याची सवय असलेल्या लेखकाने केली आहे. तीत 'का' हा प्रश्न नाही. 'कसे' आणि 'मग काय झाले' एवढेच आहे.

४

'का' या प्रश्नाचे भयंकर रूप मराठी रंगभूमीने 1967 मध्ये पाहिले. विजय तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' या नाटकाची चर्चा स्त्रीवादी, समाजशास्त्रीय आणि नाट्यतंत्राच्या अंगाने विपुल झाली आहे. आत्मघाताच्या कडेवर असलेल्या व्यक्तीभोवती जमलेल्या माणसांचे नाटक म्हणून ते क्वचितच वाचले गेले. लीला बेणारेच्या पर्समध्ये विषाची बाटली असते. हे ज्याला ठाऊक आहे तो ही गोष्ट साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून सांगतो आणि खेळातल्या न्यायालयासाठी ती बाटली पुरावा ठरते. तीच बाटली एखाद्या दवाखान्याच्या टेबलावर आली असती तर ती इशारा ठरली असती. वस्तू एकच, पण ती आरोप सिद्ध करते की मदतीची गरज दाखवते, हे पाहणाऱ्यांनी मांडलेल्या रंगमंचावर अवलंबून आहे. पहिल्या प्रेमभंगानंतर बेणारेने जीव देण्याचा प्रयत्न केला होता हेही आपल्याला कळते. पूर्वीचा प्रयत्न ही पुढील धोक्याची सर्वांत ठळक खूण असते, असे वैद्यक सांगते. पण नाटकातील एकही पात्र याकडे धोक्याची खूण म्हणून पाहत नाही. न्यायालय तिला बोलण्यासाठी दहा सेकंद देते. तिचे दीर्घ स्वगत घडते तेव्हा इतर पात्रे थिजलेली असतात. ऐकतो तो फक्त प्रेक्षक, आणि प्रेक्षकाला रंगमंचावर जाता येत नाही.

या नाटकाशी ड्युरेनमॅटच्या 'डी पाने' या 1956 च्या कृतीचे साम्य नेहमी सांगितले जाते. प्रभावाच्या चर्चेत एक गोष्ट मागे पडते. ड्युरेनमॅटने या विषयाला दोन रूपे दिली. गद्यकथेत खोट्या खटल्यातील आरोपी त्या रात्री स्वतःचा अंत करतो. नभोनाट्यात तोच माणूस सकाळी उठतो आणि आपली गाडी घेऊन निघून जातो. पात्र तेच, रात्र तीच, न्यायाधीश तेच. शेवट मात्र दोन. कलाकृती म्हणून यांतील कोणते रूप सरस, हा वाद घालता येईल. पण या दोन शेवटांमुळे एक गोष्ट निर्विवाद होते: ज्याला आपण अटळ म्हणतो ते लेखकालाही अटळ वाटले नव्हते. आत्महत्येचा विचार आलेल्या बहुसंख्य माणसांची ती घडी टळते आणि ती पुढे जगतात, हे वैद्यकीय ज्ञान या साहित्यिक वस्तुस्थितीशी जुळते.

तेंडुलकरांनी दाखवलेले न्यायालय दीर्घकाळ कायद्यातही उभे होते. 1860 च्या भारतीय दंडसंहितेच्या कलम 309 नुसार आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता. 1986 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मारुती श्रीपती दुबळ खटल्यात ते कलम घटनाबाह्य ठरवले. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ग्यान कौर खटल्यात त्याची वैधता पुन्हा मान्य केली. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम 115 ने भूमिका बदलली. हा कायदा 29 मे 2018 पासून अमलात आला. प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरावे, तिच्यावर खटला भरू नये आणि शासनाने तिची काळजी घ्यावी, असे तो सांगतो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्यायसंहितेत जुने 309 उरलेले नाही; लोकसेवकावर दबाव आणण्यासाठी केलेल्या प्रयत्नापुरतेच एक कलम तीत आहे. कायद्याने पिंजरा काढून घेतला, तरी भाषेतला पिंजरा इतक्या लवकर जात नाही. 'का केलेस?', 'घरच्यांचा विचार नाही केलास?' हे प्रश्न आजही उपचाराच्या खोलीत विचारले जातात. त्यांचा सूर बेणारेसमोरच्या काशीकरांचा असतो, विचारणाऱ्याने ते नाटक कधी पाहिलेले नसले तरीही.

५

न्यायसभेनंतर दुसरे रूप पहाऱ्याचे. सतीश मनवर यांच्या 'गाभ्रीचा पाऊस' (2009) या चित्रपटात विदर्भातील शेतकरी किस्ना याची बायको अलका शेजारच्या आत्महत्येनंतर धास्तावते. नवऱ्याच्या मनात काय आहे ते तिला विचारता येत नाही. म्हणून ती लहान मुलाला बापाच्या मागावर ठेवते आणि त्याच्या आवडीचे रांधून त्याला खूश ठेवू पाहते. किस्नाला हा बदल कळत नाही. यातून निर्माण होणारा विनोद हा चित्रपटाचा मोठा गुण आहे, कारण तो विनोद करुणेला शोकाच्या साच्यात अडकू देत नाही. आत्महत्येवरील मराठी कथनांत मृत्यू आणि त्यानंतरचा आक्रोश हाच बहुधा केंद्रस्थानी असतो. येथे मात्र मृत्यू घडण्याआधीची काळजी केंद्रस्थानी आहे.

पण पहाऱ्याच्या मर्यादाही हा चित्रपट दाखवतो. ज्याच्यावर नजर आहे त्याच्याशी बोलणे होत नाही. सगळा भार घरातील बाईवर आणि एका पोरावर पडतो. धोक्याची वस्तू हाताशी राहू नये, माणूस एकटा पडू नये, ही दक्षता आवश्यकच आहे; तीव्र धोक्याच्या काळात ती जीव वाचवते. परंतु विचारण्याची जागा पहारा घेऊ शकत नाही. विचारायला अलकाकडे शब्द नाहीत आणि ते शब्द तिला देणारे कोणी तिच्या दारी आलेले नाही.

ते कोणी तरी दारी आले तर काय होते, याचे उत्तर त्याच विदर्भातून मिळाले आहे. अमरावती जिल्ह्यातील 30 गावांत 'विश्राम' या प्रकल्पात गावपातळीवरील आरोग्यसेविकांना मनाच्या दुखण्याविषयी बोलायला आणि ऐकायला शिकवण्यात आले. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मूल्यमापनानुसार नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेले, आणि आधीच्या बारा महिन्यांत आत्महत्येचे विचार आल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण 5.2 टक्क्यांवरून 2.5 टक्क्यांवर आले. अशा आकड्यांचे सारे श्रेय एकाच कारणाला देता येत नाही. तरीही एवढे दिसते की दुःखाला घराबाहेरचा, पण गावातलाच ऐकणारा मिळू शकतो.

६

तिसरे रूप सोबतीचे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'कासव' हा चित्रपट 64 व्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट कथापट ठरला. त्याचे निर्माते मोहन आगाशे हे स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत. जीव देण्याचा प्रयत्न केलेला एक तरुण जानकी या स्त्रीच्या आसऱ्याला येतो. ती स्वतः अशा अंधारातून गेलेली आहे. ती त्याच्या भूतकाळाची चौकशी करीत नाही. खोली देते, जेवण ठेवते, त्याच्या रागाला उत्तर देत नाही आणि निघूनही जात नाही. कोकणच्या किनाऱ्यावर कासवांच्या अंड्यांचे रक्षण चाललेले असते. रक्षणकर्ते घरट्याला कुंपण घालतात, पण पिल्लाने समुद्राकडे स्वतःच जायचे असते. हे रूपक चित्रपटात उघड आहे, किंबहुना काहीसे अधिकच उघड आहे. तरीही मराठीत एका संपूर्ण कथनाने वाचलेल्या माणसाचे नंतरचे दिवस हा विषय करावा, हीच मोठी गोष्ट आहे. अपरिहार्य शेवटाच्या सौंदर्यशास्त्राला मराठीतून मिळालेले हे एक ठाम उत्तर आहे.

माझा आक्षेप वेगळ्या ठिकाणी आहे. जानकीकडे प्रशस्त घर आहे, नोकरमाणसे आहेत, वेळ आहे. सरकारी रुग्णालयातील परिचारिकेकडे यातील काहीही नसते. तिच्याकडे कित्येक खाटा असतात आणि पाळी संपायची घटका असते. शिवाय जानकीचे न विचारणे सुंदर असले तरी ते सर्वत्र अनुकरणीय नाही. धोका समोर असताना आरोग्यसेवकाला विचारावेच लागते. म्हणजे 'कासव'कडून धैर्य घ्यायचे, मौन घ्यायचे नाही. मग अपुरा वेळ आणि गर्दी असलेल्या व्यवस्थेत सोबत कशी करता येईल?

वैद्यकाच्या इतिहासात याची दोन उत्तरे आहेत, आणि दोन्ही साहित्यप्रकारांशी नाते सांगतात. पहिले पत्राचे. जेरोम मोटो या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने सॅन फ्रान्सिस्कोत रुग्णालयातून घरी गेलेल्या आणि पुढील उपचार नाकारलेल्या रुग्णांना ठरावीक काळाने छोटी पत्रे पाठवण्याचा प्रयोग केला. पत्रात आपली आठवण आहे, आपण ठीक असाल अशी आशा आहे, एवढेच असे. कोणती मागणी नाही, सल्ला नाही. पत्रे न मिळालेल्यांच्या तुलनेत पत्रे मिळालेल्यांत पहिल्या वर्षांत आत्महत्या कमी झाल्या. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांत केलेल्या अभ्यासात हेच तत्त्व भेटी व फोन यांच्या रूपाने वापरले गेले. त्यात चेन्नईचाही समावेश होता. तासाभराचा संवाद आणि नंतर अठरा महिन्यांत नऊ वेळा संपर्क, एवढाच हा उपाय. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत आत्महत्येने झालेल्या मृत्यूंचे प्रमाण नेहमीच्या उपचारातील 2.2 टक्क्यांऐवजी 0.2 टक्के आढळले. पत्रवाङ्मयाच्या अभ्यासात आपण मजकुराला महत्त्व देतो. येथे मजकूर जवळजवळ रिकामा आहे. परिणाम पत्र पुन्हा येण्याचा आहे.

दुसरे उत्तर सहलेखनाचे. बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राउन यांनी तयार केलेल्या सुरक्षा-आराखड्यात रुग्ण आणि आरोग्यसेवक मिळून सहा गोष्टी लिहितात: संकट जवळ आल्याची माझी खूण कोणती, तेव्हा मी एकट्याने काय करू शकतो, कोणत्या माणसांत वा जागी मन वळते, मदत कोणाकडे मागता येईल, कोणत्या डॉक्टरला वा सेवेला गाठायचे, आणि घर सुरक्षित कसे करायचे. शेवटचे शब्द डॉक्टरांचे नसावेत, रुग्णाचे असावेत, हा त्यातील कळीचा नियम. 'जीव घाबरा होतो' असे तो म्हणत असेल तर कागदावर तेच लिहायचे. भाषांतर करायचे नाही. ज्याने आपल्या कथेचा शेवट ठरवून टाकला होता, त्याला मधली सहा वाक्ये लिहायला दिलेली असतात. भारतात 10 ऑक्टोबर 2022 पासून सुरू असलेली टेलिमानस ही सरकारी दूरध्वनी सेवा (क्रमांक 14416) या कागदावरील पाचव्या ओळीत लिहिता येते. ती अनेक भारतीय भाषांत बोलते, ही भिलाईसारख्या नगरात लहान गोष्ट नव्हे.

७

अखेरीस भिलाईजवळच्या एका कवीकडे. मराठी घरात जन्मून हिंदीत लिहिणारे गजानन माधव मुक्तिबोध 1958 पासून राजनांदगावात शिकवीत होते. 1964 मध्ये त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी आलेल्या 'चाँद का मुँह टेढ़ा है' या संग्रहात 'ब्रह्मराक्षस' ही कविता आहे. गावाबाहेरच्या पडक्या विहिरीत अडकलेला तो विद्वान आत्मा अंग घासत राहतो, पुटपुटत राहतो, अंधाऱ्या पायऱ्या चढतो आणि पडतो. अखेरीस निवेदक त्याचा शिष्य होऊन त्याचे अपुरे काम पुढे नेण्याची इच्छा बोलून दाखवतो. ज्या आर्ततेने ही इच्छा येते ती हिंदी कवितेत दुर्मीळ आहे. पण तो शिष्य उशिरा आलेला असतो. ब्रह्मराक्षस ज्या काळात माणूस होता, त्या काळात विहिरीच्या काठाशी कोणी नव्हते.

समीक्षक बहुतेक वेळा या शिष्यासारखा असतो: सहृदय, प्रगल्भ आणि उशिरा आलेला. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही; आपला व्यवसाय पूर्ण झालेल्या संहितांचा आहे. मात्र आपण शिक्षकही आहोत, आणि आपल्या हाती पडणाऱ्या काही संहिता अजून पूर्ण झालेल्या नसतात. त्या वेळी अपरिहार्यतेचा निकष बाजूला ठेवून वही देणाऱ्याला एक साधा प्रश्न विचारणे, आणि उत्तर 'हो' आले तर त्याला एकटे न सोडता योग्य मदतीपर्यंत स्वतः सोबत जाणे, हे साहित्याच्या अध्यापकाचेही काम आहे, असे मी आता मानतो.

त्या विद्यार्थिनीने सांगितलेली परिचारिका मल्याळी होती आणि मोडक्या हिंदीत बोलत असे. पहिल्या रात्री तिने सलाइन तपासले, खुर्ची ओढली आणि विचारले, "अभी भी मरने का मन करता है क्या?" मुलगी हो म्हणाली. परिचारिकेने तिला दटावले नाही की समजूत घातली नाही. ती तेथेच बसून राहिली, डॉक्टरांना कळवले आणि मुलीला मिठाचे बिस्कीट दिले. पाळी संपताना तिने सांगितले, "कल मेरी रात की ड्यूटी है, आऊँगी." दुसऱ्या रात्री ती आली. तिसऱ्या रात्रीही आली. "मॅडम, ती येणार आहे हे माहीत असल्यामुळे मला दिवस मोजता आले," असे ती विद्यार्थिनी मला म्हणाली. वही अजून माझ्याकडे आहे. पेन्सिलीने लिहिलेला तो शेरा मी खोडलेला नाही. पुढच्या वर्षी ज्यांना मी शोकात्मिका शिकवणार आहे, त्यांना तो दाखवावा असे मनात आहे.